चार पायल्या ज्वारी

काही वर्षांपूर्वी पदवीच्या प्रथम वर्गाच्या चाचणी-परीक्षेत आम्ही व्याकरण चालविण्यासाठी एक साधे वाक्य दिले होते: ‘कणगीतून चार पायल्या ज्वारी निघाली.’ वाक्य आमचेच होते व ते निवडण्यात काही गूढ हेतू नव्हता. आमच्या धाराशिव जिल्ह्यातील मुलांस कणगी, पायली व ज्वारी या तिन्ही वस्तू घरच्या. निदान शब्दार्थाशी तरी त्यांची झटापट होऊ नये, इतकाच विचार. बहुतेक सर्व उत्तरपत्रिकांत अपेक्षित उत्तर आले: ‘चार पायल्या’ हे परिमाण दाखविणारे विशेषण, ‘ज्वारी’ हे त्याचे विशेष्य. एका विद्यार्थ्याने मात्र ‘पायल्या’ यापुढे ‘नाम, स्त्रीलिंगी, अनेकवचनी, प्रथमा’ असे लिहिले व खाली पेन्सिलीने एक पुस्ती जोडली: हे नाम कर्ता नाही, कर्म नाही, संबोधनही नाही, मग वाक्यात याचे काम काय? आम्ही दोहोंपैकी एक गुण कापला आणि समासात ‘विशेषण’ असा शेरा मारला.

दुसऱ्या दिवशी तो आमच्या खोलीत आला व उभ्यानेच म्हणाला, ‘‘सर, विशेषण असेल तर ते बदलत का नाही? चांगलं सोनं, चांगल्या सोन्याला. पण तोळा सोनं, तोळा सोन्याला. तोळ्या सोन्याला असं कुणी म्हणत नाही.’’ आम्ही त्यास काय उत्तर दिले हे येथे सांगण्यासारखे नाही. ज्यास उत्तर सुचत नाही तो शिक्षक जे करतो तेच आम्ही केले, म्हणजे अभ्यासक्रमाचे पुस्तक पुढे केले. तो निघून गेला; प्रश्न राहिला. पुढे निवांत वेळ मिळाला तेव्हा मराठी व्याकरणाचे जुने-नवे ग्रंथ या एकाच प्रश्नाच्या अनुरोधाने आम्ही पुन्हा चाळले. त्या वाचनातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहो.

प्रथम परंपरेविषयी दोन शब्द. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे एकीकडे संस्कृत व दुसरीकडे लिंडले मरे याचे इंग्रजी व्याकरण होते. पुढे कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ‘शालापत्रका’तून दादोबांच्या प्रतिपादनाची कसून झडती घेतली, आणि १९११ साली मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ बाहेर आले. पूर्वसूरींची मते मांडून त्यांचे खंडन-मंडन करणारा, भाषेच्या कानाकोपऱ्यांत शिरणारा असा दुसरा ग्रंथ मराठीत नाही हे आमचे जुने मत आहे व ते याही वाचनाने ढळले नाही. परंतु शब्दांच्या आठ जातींची चौकट दामल्यांच्या हातीही मोडली नाही. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद ही चार विकारी घरे आणि क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी ही चार अविकारी घरे शाळेतील प्रत्येक मुलास पाढ्यांसारखी पाठ असतात.

या आठ घरांत परिमाणाचे शब्द कोठे राहतात? शालेय पुस्तकांनी त्यांची वाटणी करून टाकली आहे. नामाच्या मागे आले की संख्याविशेषण. त्याचे पोटभेद गणनावाचक, क्रमवाचक, आवृत्तिवाचक, पृथक्त्ववाचक व अनिश्चित. क्रियापदाजवळ आले की परिमाणवाचक क्रियाविशेषण. वाटणी दिसण्यात सुबक आहे. पण ती करताना कोणते माप वापरले, हे विचारू लागले की गोंधळ सुरू होतो. ‘गणनावाचक’ हे नाव अर्थावरून दिले. ‘विशेषण’ हे वाक्यातील कार्यावरून. आणि ‘विकारी-अविकारी’ हा भेद रूपावरून. एकाच दुकानात तीन मापे, आणि गिऱ्हाईक पाहून दुकानदार त्यांतले हवे ते उचलतो!

आता रूपाचे एकच माप हाती धरून पाहू. ‘सगळ्या लोकांनी’ म्हणतो तसे ‘सगळ्यांनी’ही म्हणतो. ‘पुष्कळ लोकांनी, पुष्कळांनी’. ‘अनेक लोकांनी, अनेकांनी’. त्याचप्रमाणे ‘काहींनी’, ‘कित्येकांनी’, ‘थोड्यांनी’. विशेष्य गाळले की त्याचा प्रत्यय हे शब्द आपल्या अंगावर घेतात. मराठी विशेषणाचा हा स्वभावच आहे. ‘चांगल्यांनी’, ‘मोठ्यांनी’ ही त्याचीच भावंडे. आता ‘खूप लोकांनी’ घ्या. ‘खुपांनी’? ‘फार लोकांनी’ घ्या. ‘फारांनी’? ‘भरपूर’, ‘जास्त’, ‘कमी’ यांचीही तीच गत. आमच्याकडचा ‘लई’ तर त्यांचा शिरोमणी: ‘लई माणसं जमली’ येथपर्यंत त्याची मजल, पण त्याला विभक्ती लावण्याचे धाडस अद्याप कोणी केले नाही. अर्थ पाहिला तर ‘पुष्कळ’ व ‘खूप’ यांत काडीचा फरक नाही. शालेय पुस्तकात दोघेही अनिश्चित संख्याविशेषणे. वर्तन पाहिले तर एक नामाच्या घरचा आणि दुसरा क्रियाविशेषणाच्या घरचा, जो शेजारी म्हणून नामाच्या ओसरीवर येऊन बसतो इतकेच.

याचे कारण शब्दांच्या वंशावळीत शोधण्याचा मोह होतो. ‘खूप’ हा फारशी ‘खूब’, म्हणजे चांगला, उत्तम. ‘कमी’ व ‘जास्त’ हेही त्याच दरबारातून आलेले. परके पाहुणे विभक्तीचा पोशाख चढवीत नाहीत, असे म्हणून प्रकरण मिटविता आले असते; परंतु ‘फार’ हा संस्कृत ‘स्फार’ शब्दापासून आलेला, म्हणजे घरचाच, आणि तोही त्यांच्याच पंगतीत बसतो. शिवाय ‘फार’ला ‘सा’ जोडला की तो एकदम विकारी होतो: ‘फारसा पाऊस नाही’, ‘फारशी माणसे आली नाहीत’. मात्र हे रूप केवळ नकाराबरोबर चालते, ‘फारशी माणसे आली’ असे होत नाही. अशा बारकाव्यांवर शालेय व्याकरणाने एक ओळ जरी खर्चिली असती तरी ते वाचावेसे वाटले असते.

‘थोडा’ याची गोष्ट आणखी निराळी. ‘ती थोडी थांबली’, ‘तो थोडा थांबला’. पुस्तकाप्रमाणे हे क्रियाविशेषण, क्रियाविशेषण हे अव्यय, आणि अव्यय म्हणजे ज्यास विकार होत नाही ते. येथे तर लिंगाप्रमाणे डोळ्यांदेखत विकार होत आहे. व्याख्या खरी की वाक्य खरे?

माणसे मोजण्याच्या बाबतीत मराठीने स्वतःची एक लहानशी व्यवस्था केली आहे. दोघे, तिघे, चौघे हे शब्द फक्त माणसांसाठी (देव व कथेतील बोलके प्राणी यांना माणसांत धरून). ‘दोघा भावांनी’ येथे विशेषणाचे सामान्यरूप, ‘दोघांनी’ येथे नामाची विभक्ती, आणि ‘मुली तिघीही हुशार निघाल्या’ येथे नामाच्या मागून येऊन जणू क्रियापदाला चिकटलेली मोजणी. चौघांच्या पुढे ही व्यवस्था संपते आणि ‘जण’ येतो: पाच जण, सहा जणी, बरेच जण. हा शब्द मोठा विलक्षण आहे. तो नामासारखा चालतो, पण एकटा उभा राहत नाही. ‘जण आले’ हे वाक्य होत नाही. आम्हांस तर असे वाटते की विभक्तीचे ओझे वाहण्यासाठीच भाषेने तो ठेविला आहे. ज्या ‘खूप’ला प्रत्यय पेलत नाही त्याच्याही मदतीस ‘जण’ धावतो आणि ‘खूप जणांनी’ हे रूप सिद्ध होते. व्यापाऱ्यांच्या वहीतला ‘नग’ हा मालाच्या बाबतीत थोडेबहुत हेच काम करतो. पंगतीत ‘पान’ करते: ‘दोनशे पान उठले’ या वाक्यात केळीचे पान उठत नाही व पळसाचेही नाही, जेवणारा उठतो.

आता मूळ वाक्याकडे वळू. याच आशयाची तीन वाक्ये आमच्या भागात कोणीही सहज बोलेल. ‘चार पायल्या ज्वारी निघाली’, ‘ज्वारीच्या चार पायल्या निघाल्या’, ‘ज्वारी चार पायल्या निघाली’. दुसऱ्या वाक्यात काही वाद नाही. पायल्या कर्ता, क्रियापद तिच्यामागे अनेकवचनात गेले, ज्वारी षष्ठीत राहिली. पहिल्यात क्रियापद एकवचनी आहे, म्हणजे ते ज्वारीच्या मागे गेले. ‘पायल्या’ अनेकवचनात असूनही क्रियापदावर तिची सत्ता चालत नाही. म्हणजे ती कर्ता नाही. तर मग विशेषण का म्हणू नये? कारण तो विद्यार्थी म्हणाला तेच. आकारान्त विशेषण विशेष्याला विभक्ती लागताच सामान्यरूप घेते, आणि ‘तोळा सोन्याला’ यात तोळा जागचा हलत नाही. एकट्याने उभा राहिला की तोच तोळा ‘एका तोळ्याला’ असा निमूटपणे वाकतो. वाकण्याचे अंग त्याच्यात आहे, पण या जागी तो वाकत नाही.

विभक्ती लागलेल्या नामामागे असे ताठ उभे राहणारे दुसरे कोणी मराठीत आहे काय? आहे, आणि त्यासाठी आम्हांस दूर जावे लागले नाही; येथून जवळच तेर आहे. ‘संत गोरोबांनी’ असे आपण म्हणतो, ‘संता गोरोबांनी’ म्हणत नाही. एरवी ‘संताने’, ‘संताला’ ही रूपे होतातच. ‘शाहीर रामजोशांनी’ हेही तसेच. एकाच पदार्थास दोन नामे लागली व ती शेजारी बसली की विभक्ती दुसऱ्याला लागते, पहिले मोकळे राहते. यास समानाधिकरण म्हणावे. आमच्या मते ‘तोळा सोने’, ‘चार पायल्या ज्वारी’, ‘पाच पेंड्या कडबा’ ही त्याच जातीची जोडी आहे. पायली हे नामच आहे. कर्ता नाही, कर्म नाही. कर्त्याच्या शेजारी बसून त्याची मर्यादा सांगणारे नाम आहे. विद्यार्थ्याचे उत्तर बरोबर होते आणि त्याच्या पेन्सिलीच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस ठाऊक नव्हते.

हे सुचल्यावर आम्हांस थोडा अभिमान वाटला. पण अष्टाध्यायी उघडली आणि तो जिरला. प्रथमा विभक्ती कोठे करावी हे सांगताना (२.३.४६) पाणिनीने प्रातिपदिकार्थ व लिंग यांच्याबरोबर परिमाण हा शब्द मुद्दाम घातला आहे, आणि टीकाकार त्याचे उदाहरण म्हणून द्रोणभर व्रीहींचे देतात, ज्यात द्रोण हे मापही प्रथमेत आणि व्रीही हे धान्यही प्रथमेत. म्हणजे मापाचे नाव धान्याच्या शेजारी त्याच विभक्तीत का बसते हा प्रश्न या देशात फार जुना आहे. आमच्या कणगीतली ज्वारी त्या द्रोणातल्या भातापासून फारशी दूर नाही.

पाणिनीची दुसरी एक युक्ती आम्हांस याहून मोलाची वाटते. ‘संख्या’ ही पारिभाषिक संज्ञा देताना (१.१.२३) त्याने एक-दोन-तीन यांच्या बरोबरीने बहु, गण आणि तावत्, कति यांसारखे शब्द त्यात घेतले. अर्थाच्या दृष्टीने ‘बहु’ ही काही संख्या नव्हे. पण संख्यावाचकांना जे प्रत्यय लागतात ते याही शब्दांना लागतात: ‘द्विधा’ तसे ‘बहुधा’. म्हणून एक वर्ग. अर्थाच्या मागे न धावता प्रत्यय काय सांगतो ते पाहून त्याने रेघ ओढली. मराठीत हीच कसोटी ‘दा’ या प्रत्ययाने लावता येते. एकदा, दोनदा, कितीदा, अनेकदा, पुष्कळदा; परंतु ‘फारदा’ नाही. आमच्या पिढीस ‘खूपदा’ हेही खटकते. आमचे विद्यार्थी मात्र ते बेधडक वापरतात, आणि रागावून उपयोग नाही. ‘खूप’ हा शब्द ओसरीवरून घरात शिरू लागला आहे, एवढीच त्यातील नोंद घेण्यासारखी गोष्ट. ‘खुपांनी’ हे रूप आमच्या नातवंडांच्या तोंडी येणार नाही अशी हमी आम्ही देत नाही.

तिसरे वाक्य राहिले: ‘ज्वारी चार पायल्या निघाली’. येथे माप ज्वारीपासून सुटून क्रियापदाजवळ गेले. ‘पाऊस दोन इंच पडला’, ‘तो चार महिने राबला’, ‘दोन कोस चालला’ ही त्याच घाटाची वाक्ये. काळ व अंतर यांच्या व्याप्तीसाठी संस्कृतात द्वितीया येते. मराठीत प्रत्ययच नसल्याने शब्द उघडाच राहतो आणि क्रियाविशेषणाचे काम करतो.

नाम, नामाचे शेजारी आणि क्रियेचे मोजमाप अशा तिन्ही भूमिका एकाच शब्दसमूहाने वठवाव्यात हा मराठीचाच छंद आहे की काय, असे वाटत असता जपानी व्याकरणाच्या वाचनात हाच खेळ आमच्या दृष्टीस पडला. जपानीत वस्तू मोजताना आकड्याला एक गणक शब्द जोडावाच लागतो. लांबट वस्तूंना ‘होन’, कागदासारख्या पातळ वस्तूंना ‘माइ’, पुस्तकांना ‘सात्सु’, लहान प्राण्यांना ‘हिकि’, माणसांना ‘निन’. आमचा ‘जण’ म्हणजे त्या ‘निन’चा मावसभाऊ, फरक इतकाच की मराठीचे अशा शब्दांचे दुकान एक-दोन वस्तूंत आटोपते आणि जपानीची पेठच्या पेठ भरली आहे. आता ही वाक्ये पाहा. ‘साननिन गा किता’ म्हणजे तिघे आले. येथे मोजणी स्वतःच कर्ता, ‘गा’ हे त्याचे चिन्ह. ‘साननिन नो गाकुसेइ गा किता’, तिघे विद्यार्थी आले. येथे मध्ये षष्ठीसारखा ‘नो’. आणि ‘गाकुसेइ गा साननिन किता’, म्हणजे विद्यार्थी तिघे आले. येथे मोजणीला कोणतेही चिन्ह नाही व ती क्रियापदापाशी सुटी उभी आहे. ‘ताकुसान’ म्हणजे पुष्कळ. त्याची गणना सामान्यतः क्रियाविशेषणांत होते, तरी नामामागे येताना तोही ‘नो’ घेतो.

तेथील वैयाकरणांचीही तीच पंचाईत झाली. ओत्सुकी फुमिहिको याने १८९७ साली पाश्चात्त्य व्याकरणाशी मेळ घालून जपानीच्या शब्दजाती ठरविल्या. त्या आठ होत्या व त्यांत संख्यावाचकांना स्वतंत्र घर नव्हते. १९०८ साली यामादा योशिओ याने ती मांडणी सोडून जपानीच्या स्वभावाप्रमाणे नवी उभारली आणि नामवर्गीय शब्दांत नाम, सर्वनाम व संख्यावाचक असे तीन विभाग केले. आजच्या जपानी शालेय व्याकरणात संख्यावाचक शब्द पुन्हा नामाचाच एक पोटभेद आहेत, आणि ते प्रत्ययावाचून क्रियापदाजवळ उभे राहतात हे वेगळे सांगावे लागते. यामादाचा ग्रंथ १९०८ चा, दामल्यांचा १९११ चा. एकमेकांची वार्ताही नसलेले दोन विद्वान, परक्या साच्यात आपली भाषा किती बसते हे तीन वर्षांच्या अंतराने तपासत होते, याची आम्हांस मोठी मौज वाटते. यामादाने साचा मोडला. दामल्यांनी साचा ठेवून त्यात न मावणारे सर्व काही प्रामाणिकपणे नोंदले. आमच्या मते दामल्यांचा दोष असलाच तर तो अल्प. मोठा दोष त्यांच्यानंतर पुस्तके लिहिणाऱ्यांचा, ज्यांनी साचा उचलला आणि नोंदी गाळल्या. अरविंद मंगरूळकरांनी ‘मराठी व्याकरणाचा पुनर्विचार’ या नावाचाच ग्रंथ लिहिला, परंतु त्या पुनर्विचाराचे वारे शाळेच्या खिडकीतून आत गेल्याचे दिसत नाही.

यावर आक्षेप ठरलेला आहे: एवढ्या बारकाव्यांशी मुलांना काय करावयाचे? आठ घरे त्यांना पुरेत. आमचे म्हणणे उलट आहे. आठ घरे राहू द्यावीत, पण शब्दाला विभक्ती लावून पाहा, विशेष्य गाळून पाहा, जागा बदलून पाहा, एवढे तरी मुलास शिकवावे. पाठ केलेल्या यादीला हे करता येत नाही, आणि कळंब-परंड्याकडचा मुलगा हे स्वतःच्या बोलीत घरबसल्या करू शकतो. त्यासाठी त्यास पुण्याची मराठी आधी शिकावी लागत नाही. हा जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता; आमच्या वडिलांच्या पिढीचा कारभार उर्दूत चाले, आणि ‘आमची मराठी अशुद्ध’ हा समज आमच्या मुलांच्या मनात अजून खोल रुतलेला आहे. त्याच मुलाने ‘तोळ्या सोन्याला असं कुणी म्हणत नाही’ हे वाक्य उच्चारावे आणि आम्ही त्यास पुस्तक दाखवावे, ही गोष्ट आम्हांस आजही टोचते.

पायली स्वतः आता वृद्ध झाली आहे. दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेर म्हणजे एक पायली हे कोष्टक म्हणून दाखविणारे घरात एखादे आजोबाच उरले. १९५६ च्या कायद्याने दशमान वजने-मापे आली आणि बाजार समितीत क्विंटल बसला. पण त्या क्विंटलकडे पाहा. ‘पाच क्विंटल सोयाबीन निघाले’, ‘सोयाबीन पाच क्विंटल निघाले’, ‘पाच क्विंटल सोयाबीनला भाव काय?’ परमुलखाचा हा शब्द मराठीत आला तो थेट पायलीच्या रिकाम्या जागेवर येऊन बसला, आणि त्या जागेचे सगळे नियम त्याने पहिल्या दिवसापासून पाळले. ही जागा कोणती हे कोणा मास्तराने त्याला सांगितले नव्हते. आमच्या पुस्तकांत तर त्या जागेचे नावच नाही.

काही शब्द आम्ही हेतुतः टाळले आहेत. तुळजापूर हे साडेतीन पीठांपैकी एक, हे महाराष्ट्रात सर्वांस ठाऊक आहे. पण त्यातील ‘साडे’ हा शब्द कोणत्या जातीचा? तो एकटा कधी येत नाही, एक व दोन यांना लागत नाही (त्यांच्यासाठी दीड व अडीच), तीनपासून पुढे मात्र बिनतक्रार लागतो. ‘भर’ घ्या: ‘मूठभर दाणे’, ‘दिवसभर काम’, ‘गावभर बोभाटा’, त्यास शब्दयोगी म्हणून पुस्तक मोकळे होते, आणि मूठभर विशेषण व दिवसभर क्रियाविशेषण कसे झाले हे सांगत नाही. या शब्दांवर स्वतंत्र लेख होईल.

त्या विद्यार्थ्याचा कापलेला गुण परत देण्याची मुदत केव्हाच टळली; निकालपत्रके बांधून दप्तरात गेली. पुढील वर्षापासून तेच वाक्य आम्ही पुन्हा परीक्षेत घालू लागलो. ‘विशेषण’ लिहिणाऱ्यासही पूर्ण गुण देतो व ‘नाम’ लिहिणाऱ्यासही; मात्र कारण न देता नुसते नाव लिहिले तर दोहोंपैकी दीड.